पाइपात हवा आहे

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. डाव्या हाताने. त्यामुळे थोडक्यात.

वय अठ्ठावन्न. चष्म्याचं दुकान, एकतीस वर्षं. प्रकृती ठणठणीत. फक्त उजव्या हाताची मूठ आठ महिने मिटलेली आहे, ती उघडत नाही. एक्स-रे नॉर्मल. नसांची तपासणी नॉर्मल. रक्त नॉर्मल. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाताला काहीही झालेलं नाही. मग काय मला झालंय, असा मी टोमणा मारला. ते हो म्हणाले आणि एका बाईंचा पत्ता लिहून दिला. या बाई शरीराच्या वाटेने मनावर उपचार करतात. होलिस्टिक. गुरुवारची वेळ घेतली आहे, तीही बायको मागे लागली म्हणून.

नोंदीसाठी: दादा जाऊनही आठ महिनेच झाले. हाताशी त्याचा संबंध नाही. तारीख तेवढी एक आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेजारच्या घरात राहायचा. दोन घरं, मधली भिंत एक. अकरा वर्षं आम्ही बोलत नव्हतो. कारण सबळ होतं. सवडीने लिहीन.

संकल्प: १) सहा सेशनमध्ये कोर्स पूर्ण. २) रोज लिहिणे. ३) रडारड नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४.५५

मी दोन ते पाच दुकान बंद ठेवतो. घरी जेवून पडतो. आज पुन्हा पावणेपाचला भिंतीत आवाज. ठक, ठक, ठक. तीनच. रोज. पाइपात हवा अडकते, दुसरं काही नाही. मी नेहमीप्रमाणे मुठीने भिंतीवर एक दणका दिला. आवाज बंद. या मुठीचा एवढा एक उपयोग आहे.

बायकोने विचारलं, कशाला रोज भिंत बडवता. म्हटलं, आवाज बंद करायला. ती म्हणाली, कसला आवाज. तिला कमी ऐकू येतं हे माझं जुनं मत आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सेशन पहिलं. खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली दाताचा दवाखाना. खुर्ची नाही. जाड गादी, उशा, एक ब्लँकेट, टिश्यूचा खोका. खोका मी पायाने लांब सारला.

फॉर्ममध्ये प्रश्न होता, अलीकडे जवळचं कोणी वारलं का. मी लिहिलं होतं: शेजारी. बाईंनी विचारलं, शेजारी म्हणजे कोण. म्हटलं, थोरला भाऊ. त्यांनी फॉर्मवर काही लिहिलं नाही. नुसतं माझ्या हाताकडे बघितलं.

बाई पस्तिशीच्या. मला काका म्हणतात. मी म्हटलं, मी कोणाचा काका नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, आहात की, शेजारच्या पोरीचे, दादांच्या. हो. पुतणी आहे. लक्षात राहिलं नव्हतं.

उपचार: डोळे मिटा, श्वास पोटापर्यंत जाऊ द्या. माझा छातीतूनच परत फिरतो. खालून दाताच्या मशीनचा आवाज. अशा वातावरणात कोणाचा श्वास पोटापर्यंत जाईल. एकूण मत: बाई चांगल्या आहेत, पद्धत कच्ची आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात अडचण. चष्म्याचा स्क्रू तांदळाच्या दाण्याच्या निम्मा असतो. डाव्या हाताने बसवताना दोनदा जमिनीवर पडला. तिसऱ्यांदा बसला, पण काडी उलटी. गिऱ्हाईक चष्मा घालून म्हणालं, हा कानात जातोय. मी म्हटलं, नवीन फॅशन. ते हसलं नाही.

सवड आहे तर कारण लिहून टाकतो. दादाने चष्मा दुसऱ्या दुकानातून केला. सख्ख्या भावाचं दुकान चार गल्ल्यांवर असताना. आणि तो घालून माझ्या दुकानासमोरून गेला, सावकाश. सगळ्या बाजाराने पाहिलं. त्याची तक्रार काय, तर मी केलेल्या बायफोकलमधून जिन्याच्या पायऱ्या जोडीजोडीने दिसतात. नंबर बरोबर होता. दादाचं नाक चुकीचं होतं, चष्मा त्यावर टिकायचाच नाही. मी तोंडावर सांगितलं. तो काहीतरी बोलला. मग मी अकरा वर्षं बोललो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१० फेब्रुवारी, मंगळवार

प्लंबर बोलावला. त्याने भिंतीला कान लावला, टकटक केली, घराबाहेर जाऊन बघून आला. म्हणाला, साहेब, या भिंतीत पाइपच नाही. पाइप सगळे मागच्या बाजूला.

प्लंबर नवखा वाटला. केस पांढरे होते, पण धंद्यात नवखा.

पावणेपाचला आवाज. दणका दिला. थांबला. म्हणजे पाइप आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सेशन दुसरं. बाईंचं म्हणणं, हात हाताने एकटा बरा होत नाही. झोप कशी, जेवता काय, किती चालता, कोणाशी बोलता, कोणाशी बोलत नाही, सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, आता सगळ्यांशी बोलतो. ज्याच्याशी बोलत नव्हतो तो वारला, त्यामुळे तो प्रश्न मिटला. बाई म्हणाल्या, मिटला की राहिला. मी म्हटलं, तुम्ही शब्दांत पकडू नका, तुमचं खातं शरीराचं आहे.

मग तळपाय जमिनीवर टेकवून बसायचं आणि कुठे काय जाणवतं ते सांगायचं. गुडघे: काही नाही. पोट: काही नाही. छाती: काही नाही. गळा: काही नाही. बाई म्हणाल्या, काका, गळ्यापाशी तुम्ही तीनदा आवंढा गिळलात. पंखा जोरात होता. घसा सुकतो.

घरी करायचं काम: दिवसातून दोनदा मुठीवर दुसरा हात नुसता ठेवायचा. उघडायचा प्रयत्न करायचा नाही. हे काम मी अत्यंत शिस्तीने करणार आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काम केलं नाही. दुकान.

आज वेगळाच प्रकार. दुपारी झोपेतून उठलो तर उजव्या मुठीत कपडे वाळत घालायचा चिमटा. बायको समोर बसलेली. म्हणाली, तुम्ही झोपलात की हात उघडतो, पाचही बोटं, मी महिनाभर बघतेय, तुम्ही मानणार नाही म्हणून चिमटा ठेवला. पावणेपाच झाले की झोपेतच परत मिटतो.

मी म्हटलं, जागेपणी घुसवला असशील. ती म्हणाली, मग आता काढून दाखवा. निघाला नाही. तसाच घेऊन दुकानात गेलो. संध्याकाळी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका बाईंनी विचारलं, हे काय. म्हटलं, व्यायाम.

बायको म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आत नुसता चिमटा. ती एरवी विनोद करत नाही. स्वयंपाकघरात जाऊन ती बराच वेळ नळ सोडून उभी होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बायको बातमी घेऊन आली. वहिनी जाणार. दादाची बायको. एकतीस मार्चला, लेकीकडे, कायमची. घर बंद करणार. या दोघी जावा अकरा वर्षं मागच्या अंगणात बोलत राहिल्या, त्यांना तत्त्व नाही.

मी म्हटलं, ठीक. बायको म्हणाली, एकदा जाऊन या. दादा गेल्यापासून तुम्ही त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. म्हटलं, जाईन, दीड महिना आहे.

हाताची कळ आज कोपरापर्यंत. हवामान बदलतंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सेशन तिसरं. बाईंनी विचारलं, त्या दिवशी हात काय करत होता. मी म्हटलं, विशेष काही नाही. तरी आग्रह म्हणून सांगितलं. ते असं.

जून. बायको बहिणीकडे गेली होती. मी झोपलो होतो. पावणेपाचला भिंतीवर तीन ठोके. मी जागा झालो. वाटलं, दादा मुद्दाम माझ्या झोपेच्या वेळी खिळे ठोकतोय. भिंतीवर एक जोरदार मूठ मारली. गप्प बस म्हणून. तिकडे शांत. मला बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. तोंड धुऊन दुकानात गेलो. साडेपाचला घरासमोरचा शिंपी धावत सांगायला आला.

एवढंच. खिळे ठोकत नव्हता, हे पुढे कळलं. त्याला बरं वाटत नव्हतं.

बाईंनी विचारलं, हे वहिनींना माहीत आहे का. मी म्हटलं, त्यांना सांगून काय होणार, गेलेला माणूस येतो का. बाई म्हणाल्या, नाही येत. मग गप्प. या बाईंची गप्प राहण्याची पद्धत मला पसंत नाही. समोरच्याला उगीच बोलावं लागतं.

टिश्यू दोन वापरले. सर्दी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ

एकदाचा निकाल लावायचं ठरवलं. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून भिंतीजवळ ठेवला. पावणेपाचला तीन ठोके स्पष्ट आले. मी दणका दिला. मग रेकॉर्डिंग ऐकलं.

त्यात पंखा आहे. रस्त्यावरची एक गाडी आहे. मग माझा दणका आहे, मोबाइल उडून पडेल एवढा मोठा. तीन ठोके नाहीत.

चारदा ऐकलं. मोबाइलचा माइक खराब आहे. दुरुस्तीला टाकतो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सेशन चौथं. बाई म्हणाल्या, आज मुठीला जे करायचंय ते करू द्या, अगदी सावकाश, तुम्ही फक्त बघा. मला हसू आलं. मूठ मिटून बसली आहे, ती काय करणार. डोळे मिटले. हात वर गेला. मला न विचारता गेला, हे लिहून ठेवतो. आणि जमिनीवर आपटला. एकदा.

दोन मिनिटांत खालच्या दाताच्या दवाखान्यातली नर्स वर आली. म्हणाली, पेशंटच्या तोंडात मशीन होतं, आणि तो दचकला, डॉक्टरही दचकले. बाईंनी माफी मागितली. मी पंख्याकडे बघत होतो.

मग बाईंनी विचारलं, हा जो एक ठोका आहे त्याचा अर्थ काय. म्हटलं, गप्प बस. त्या म्हणाल्या, पहिल्यापासून हाच अर्थ होता? मी म्हटलं, छे, पूर्वी वेगळा. पूर्वी म्हणजे बोलणं असताना पावणेपाचला दादाकडे चहा व्हायचा. चहा झाला की तो भिंतीवर तीनदा ठोकायचा. मी इकडून एकदा ठोकायचो. तीन म्हणजे ये. एक म्हणजे आलो. फोन करायला कोण उठतो. वीस वर्षं असंच चाललं.

सांगत होतो आणि मध्येच थांबलो. मी म्हटलं, वेळ संपली. पंचवीस मिनिटं शिल्लक होती.

२८ फेब्रुवारी, शनिवार

एक म्हणजे आलो.

मी गप्प बस म्हणून मारली. तिकडे ती आलो म्हणून पोचली असेल, तर दादा वाट बघत बसला.

हे लिहायला नको होतं. पान फाडणार होतो. एका हाताने पान नीट फाटत नाही.

२ मार्च, सोमवार

बाईंकडे जाणं बंद. पद्धत अशास्त्रीय आहे. मी एका जुन्या मित्राने सांगितलेलं तेल आणलं आहे. रोज तीन वेळा, महिन्यात गुण. वास घोड्याच्या तबेल्याचा आहे, म्हणजे ताकद असणार.

आज दुपारी मुद्दाम दुकानातच थांबलो. शटर अर्धं खाली. पावणेपाचला काउंटरवर तीन ठोके. काउंटर लाकडी आहे, त्यात पाइप नाही. मी डोळे तपासायच्या तक्त्यासमोर उभा होतो. वरचं मोठं अक्षरही दिसेना. दिवे सगळे चालू होते.

काउंटरवर मूठ मारली. तीन फ्रेमा खाली पडल्या, एकीची काच गेली.

५ मार्च, गुरुवार

गेलो नाही. दुकानात गर्दी. (दोन गिऱ्हाइकं.)

८ मार्च, रविवार

बायकोने तेलाची बाटली फेकली. पोत्यात घालून, घराबाहेर. मग म्हणाली, आज ऐकायचंच. दादांनी दुसरीकडून चष्मा का केला माहितेय? तुमच्या बायफोकलने ते जिन्यावरून पडले, हनुवटीला तीन टाके पडले. सगळ्यांना सांगत फिरले की दाढी करताना कापलं. भावाच्या दुकानाचं नाव खराब होईल म्हणून. मग गुपचूप दुसरीकडून केला.

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. ती म्हणाली, सांगायला समोरच्याने बोलावं लागतं. आणि दुकानासमोरून सावकाश का चालले, तर पडून गुडघाही दुखत होता आणि तुम्ही हाक माराल असं वाटत होतं.

मी दुकानात गेलो, रविवार असून. जुने कागद काढले. दादाच्या नंबराची चिठ्ठी सापडली. नंबर बरोबर होता. जवळचं बघायच्या खालच्या भागाची उंची दोन मिलिमीटर जास्त घेतली होती, मीच. माझ्याच अक्षरात आहे. उजव्या हाताच्या अक्षरात. केवढं सुरेख अक्षर होतं माझं.

१२ मार्च, गुरुवार

पुन्हा गेलो. सेशन पाचवं. बाईंनी मधल्या खाड्याबद्दल विचारलं नाही. मी बसलो आणि सांगितलं, तो वाट बघत होता. मग दातावर दात आपटायला लागले. थंडी नव्हती. पाय, मांड्या, खांदे, सगळं थरथरत होतं. बाईंनी ब्लँकेट घातलं आणि म्हणाल्या, थांबवू नका, त्या दिवशी हे शरीराला करायचं राहिलंय. दहा मिनिटं थरथरलो. खालून कोणी आलं नाही. मी रडलो असं बाईंचं मत पडेल. ठीक आहे, रडलो.

मग त्यांनी विचारलं, हे कोणाला सांगावंसं वाटतं. म्हटलं, वहिनींना. एकतीस तारखेच्या आत.

सराव केला. समोर एक उशी ठेवली, ती वहिनी. उशीला वहिनी म्हणणं जड जातं. वहिनी भारदस्त आहेत, उशी अगदीच चपटी होती. तरी म्हटलं: वहिनी, त्या दिवशीचा माझा ठोका आलो असा नव्हता. गप्प बस असा होता. मला माफ करा. नऊ वेळा म्हटलं.

नवव्या वेळी करंगळी उघडली. नऊ महिन्यांत जागेपणी पहिल्यांदा. बाईही बघत राहिल्या. नख वाढून आत वळलं होतं.

उशीपुढे एक बोट, तर प्रत्यक्ष वहिनींपुढे पाचही उघडणार. मी बाईंना म्हटलं, रविवारी सांगतो, पुढच्या गुरुवारी टाळी वाजवत येतो. त्या म्हणाल्या, घाई करू नका, आणि हात उघडावा म्हणून सांगू नका. म्हटलं, छे छे.

१५ मार्च, रविवार

इस्त्रीचा शर्ट घातला. वहिनींच्या फाटकापर्यंत गेलो. आत भंगारवाला बसला होता, जुनं कपाट तोलत. परक्या माणसासमोर असलं बोलता येत नाही. परतलो.

१८ मार्च, बुधवार

वहिनी बांधाबांधीत आहेत. कामाच्या माणसाला त्रास देऊ नये.

पावणेपाचला आवाज. आज ठोके थोडे हळू वाटले. दमल्यासारखे.

१९ मार्च, गुरुवार

बाईंना फोन करून कळवलं की अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे सेशन पुढे ढकलू, दाखवण्यासारखं काही असलं की येतो. त्या म्हणाल्या, दाखवायला यायचं नसतं काका. म्हटलं, तरीही.

२२ मार्च, रविवार

वहिनींना सर्दी झाली आहे असं बायको म्हणाली. सर्दीत माणसाचं मन हळवं असतं. अशा वेळी नको.

बायको म्हणाली, सर्दी त्यांना आहे, घाम तुम्हाला फुटलाय.

२६ मार्च, गुरुवार

पाच दिवस उरले. संकल्प: रविवारी, पावणेपाचला, ठोका ऐकू आला की दणका द्यायचा नाही, सरळ उठून जायचं. वाक्य पाठ आहे. आंघोळीत म्हणतो, शटर उघडताना म्हणतो. गिऱ्हाइकाला पुढची ओळ वाचा म्हणायच्या ऐवजी काल मला माफ करा म्हणालो. तो म्हणाला, असू दे, मलाही नीट दिसत नाहीये.

२९ मार्च, रविवार. रात्री नाही, लगेच लिहितो आहे, सहा वाजता

गेलो.

वहिनींनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आत आत गेल्या आणि चहा टाकला. खोली अर्धी रिकामी. खुर्च्या एकीत एक घालून दोरीने बांधलेल्या. मी एका पेटीवर बसलो. समोर ती भिंत, इकडून कित्येक वर्षांनी बघत होतो. तळपाय जमिनीला टेकवले. श्वास पोटापर्यंत गेला, मला जाणवला. तोंड उघडलं.

वहिनी आधी बोलल्या. म्हणाल्या, भाऊजी, बरं झालं आलात, जायच्या आधी एक सांगायचंच होतं.

ह्यांना त्या दिवशी दुपारपासून कसंतरी होत होतं. मी म्हटलं डॉक्टरांना फोन करते, तर नको म्हणाले. म्हणाले, तो गाडी काढेल, एरवी नाही बोलला तरी अशा वेळी येईलच. स्वतः उठले आणि भिंतीवर तीनदा ठोकलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला धाकधूक, तुम्ही काय करताय. आणि लगेच तुमचा एक आला. भाऊजी, हे हसले हो. म्हणाले, आला बघ, अगं चहा टाक, घाईने जायचं काय, आधी चहा घेऊ. मी आत जाऊन तिघांचा चहा टाकला. परत येऊन बघते तर दाराकडे तोंड करून बसलेले, आणि गेलेले.

मी खुर्च्यांच्या दोरीची गाठ बघत होतो.

त्या म्हणाल्या, तुम्ही का आला नाहीत हे मी कधी विचारलं नाही. दारापर्यंत आला असाल आणि पाय अडला असेल. अकरा वर्षं काय कमी आहेत. पण त्या एका ठोक्यावर हे सुखाने गेले, हे मला ठाऊक आहे. मी त्याच्यावरच दिवस काढले. आणि तुम्ही अजून रोज पावणेपाचला ह्यांना उत्तर देता. मी इकडे ऐकते. तेवढ्यापुरतं घर भरल्यासारखं वाटतं. लेकीकडे सगळं आहे, एवढं मात्र नसेल.

त्यांना वाटतं मी रोज दादाला आलो म्हणतो.

वाक्य तयार होतं. नऊ वेळा उशीपुढे झालेलं होतं. जिभेवर होतं. वहिनींनी विचारलं, तुम्हीही काही सांगायला आला होतात ना.

म्हटलं, दोरी कमी पडत असेल तर दुकानात आहे.

चहा प्यायलो. डाव्या हाताने. साखर बरोबर होती, त्यांच्या अजून लक्षात आहे. उठताना करंगळीकडे लक्ष गेलं. मिटली होती.

३१ मार्च, मंगळवार

वहिनी गेल्या. पुतणी गाडी घेऊन आली होती. मला दोनदा काका म्हणाली. एकदा, काका, ती पेटी तेवढी. आणि एकदा निघताना नुसतंच. घराची किल्ली वहिनींनी माझ्याकडे दिली. म्हणाल्या, अधूनमधून दार उघडत जा, घर कोंदतं.

बायकोने विचारलं, सांगितलंत? म्हटलं, नाही. का, म्हणाली. सगळं सांगितलं. तिने माझी मूठ तिच्या मांडीवर घेतली आणि बराच वेळ धरून बसली. बाईंनी घरी करायला दिलेलं काम ते हेच असावं.

२ एप्रिल, गुरुवार

सेशन सहावं. ठरल्याप्रमाणे कोर्स पूर्ण. हात जैसे थे.

बाईंना सगळं सांगितलं. विचारलं, मी केलं ते बरोबर की चूक. त्या म्हणाल्या, काका, हे जड आहे. एवढंच. त्यांनी पुढच्या गुरुवारी याल का विचारलं, मी येतो म्हणालो. कोर्स सहाचाच असतो असं कोणी सांगितलं नव्हतं, ते मीच ठरवलं होतं.

३ एप्रिल, शुक्रवार

पावणेपाचला तीन ठोके. पलीकडे घर रिकामं आहे, किल्ली माझ्या खिशात आहे, भिंतीत पाइप नाही. हात वर गेला. खाली घेतला.

चपला घातल्या आणि गेलो. कुलूप डाव्या हाताने उघडायला वेळ लागला. आत कोणी नव्हतं. भिंतीवर कपाटाच्या मागचा रंग तेवढा ताजा राहिलेला. मी आलो म्हटलं. मोकळ्या खोलीत आवाज फार मोठा येतो. दारासमोर जमिनीवर बसलो. थोडा वेळ वाट बघितली, कशाची ते माहीत नाही. मग उठून कुलूप लावलं.

दुकान उघडायला वीस मिनिटं उशीर झाला. शटरपाशी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, असू दे हो, वीसच मिनिटं झाली. मी पुन्हा मागितली.